होल्गा १२०एन आणि इन्स्टॅक्स मिनी १२: प्रवासाला नेण्याआधी

जागेसाठी होल्गा, माणसांसाठी इन्स्टॅक्स. प्रवासात प्लास्टिकचे फिल्म कॅमेरे वापरायचे तर ही वाटणी पाळावी. होल्गा रोल भरायचा, इन्स्टॅक्स मिनी फोटो जागीच हातात देणारा. इन्स्टॅक्स मिनीवर कोकणकडा काढायला गेलात तर हाती फिकट आभाळ आणि करडी रेघ येते. होल्गावर काढलेला माणसाचा फोटो त्या माणसाला मिळतो तो रोल धुऊन आल्यावर, म्हणजे बहुतेकदा मिळतच नाही. दोन्ही मिळून वजन अर्धा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे दोन्ही सोबत ठेवणं अवघड नाही. अवघड असतं ते रोल भरणं, प्रकाश ओळखणं आणि पावसाळी हवेत फिल्म जपणं. बरेच रोल फुकट जातात ते तिथेच.

आधी होल्गा. हाँगकाँगमध्ये १९८२ साली हा कॅमेरा बाजारात आला. २०१५ मध्ये उत्पादन थांबलं आणि दोनेक वर्षांत पुन्हा सुरू झालं, त्यामुळे आज नवा कोरा मिळतो. १२०एन मध्ये ६० मिमीची एकाच भिंगाची प्लास्टिक लेन्स आहे. शटरचा वेग एकच, साधारण १/१०० सेकंद. फिल्म १२० ची, म्हणजे कागदाची पाठ असलेला रुंद रोल. चौकोनी ६ × ६ सेंटीमीटरची चौकट बसवली की बारा फोटो, ६ × ४.५ ची बसवली की सोळा. सोळाची चौकट बसवूच नये असं आम्ही सांगू. होल्गाची सगळी गंमत कडांना आहे: मध्यभागी बऱ्यापैकी रेखीव, कडांकडे विरघळत जाणारं आणि कोपऱ्यांत काळवंडलेलं चित्र. लहान चौकट नेमके तेच कोपरे कापून टाकते.

चौकट बदलली की मागच्या लाल खिडकीजवळचा बाणही बदलावा लागतो. तो १२ किंवा १६ वर सरकतो. चौकट ६ × ६ ची आणि बाण १६ वर राहिला तर प्रत्येक फोटो पुढच्यावर चढतो. नवा कॅमेरा डब्यातून काढल्यावर सगळ्यात आधी हे बघा. मग मागचं झाकण उघडं ठेवून, खालची कळ बी वर करून शटर दाबून धरा आणि लेन्सवरची ऊन-ढग कळ इकडून तिकडे सरकवा. आतलं भोक लहान-मोठं झालेलं दिसलं पाहिजे. जुन्या होल्गांमध्ये ही कळ नावापुरतीच होती; कुठेही ठेवा, भोक तेवढंच राहायचं. आताच्या कॅमेऱ्यांत ढगावर साधारण एफ/१३ आणि उन्हावर एफ/२० च्या आसपास छिद्र मिळतं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). छापील आकडे याहून मोठ्या छिद्राचे असतात, त्यांच्यावर हिशेब बेतू नका.

फिल्म कोणती भरायची हे या आकड्यांवरूनच ठरतं. फिल्मचा आकडा जितका मोठा, तितका तिला प्रकाश कमी लागतो. भर उन्हात शंभरची फिल्म, १/१०० आणि एफ/१६ हा जुना नियम आहे. म्हणजे होल्गा ढगावर ठेवला तर शंभरच्या फिल्मला ऊन जेमतेम जास्त होतं, आणि ४०० च्या फिल्मला अडीच स्टॉपहून थोडं अधिक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कळ उन्हावर नेली की ते सव्वा-दीड स्टॉपवर येतं. रंगीत निगेटिव्ह आणि साधी कृष्णधवल फिल्म एवढं सहज पचवते, स्लाइड फिल्म पचवत नाही. दाट ढगांत प्रकाश तीन स्टॉप उतरतो. तेव्हा ढगावर ठेवलेल्या होल्गात ४०० ची फिल्म अर्धा स्टॉप कमी पडते, तेही चालून जातं. म्हणून एकच प्रकार न्यायचा तर ४०० चा न्या: रंगीत हवं तर पोर्ट्रा ४००, कृष्णधवल हवं तर एचपी ५ प्लस. हिवाळ्यात राजस्थानकडे किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर जायचं असेल तर कोडॅक गोल्ड २०० पुरते. आषाढात माळशेज किंवा ताम्हिणीत भर दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं असतं. तिथे एचपी ५ संपूर्ण रोलभर १६०० धरून वापरा आणि धुताना दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे त्या हिशेबाने जास्त वेळ धुवायला, सांगा. अर्धा रोल ४०० वर आणि अर्धा १६०० वर, असं मात्र जमत नाही. धुलाई सगळ्या रोलची एकत्रच होते.

रोल भरण्याकडे नीट लक्ष द्या. १२० च्या रोलला डबी नसते, प्रकाशापासून त्याला वाचवतो तो फक्त घट्ट गुंडाळलेला कागद. त्यामुळे रोल भरणं आणि काढणं सावलीतच करायचं. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत करा. वळवायच्या गुंडीखाली रिकामी रीळ, समोरच्या खणात नवा रोल. चिकटपट्टी फाडून टाका, तिचा कपटा आत राहू देऊ नका. कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या खाचेत सरळ घाला आणि दोन वेढे घेईपर्यंत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नव्या रोलवर हलका दाब ठेवा. कागद तिरका चढतोय असं दिसलं तर तिथेच सोडवून पुन्हा घाला, पुढे तो आपोआप सरळ होत नाही.

यानंतरची गोष्ट कॅमेऱ्यासोबतच्या कागदावर छापलेली नसते, पण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. होल्गात नव्या रोलला मागे ओढून धरणारं काही नाही. तो सैल सुटत जातो, आणि गुंडाळला जाणारा रोल फुगतो. असा फुगलेला रोल बाहेर काढला की कडांनी प्रकाश आत शिरतो आणि धुतल्यावर दोन्ही बाजूंना धुरकट पट्टे दिसतात. उपाय सोपा आहे. फिल्मच्या खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण कापा, दुमडून त्याची बोटभर रुंद पट्टी करा आणि ती नव्या रोलच्या खाली, खणाच्या तळाशी बसवा. गुंडी फिरवताना किंचित अडखळल्यासारखं जाणवलं की दाब बरोबर आहे. गुंडी कष्टाने फिरत असेल तर एक घडी कमी करा. एवढं करूनही रोल फुगला तर तो उजेडात काढू नका. रात्री मुक्कामाला दिवे घालवून, जाड पांघरुणाखाली काढा, हाताने पिळून घट्ट करा, रोलच्या टोकाची चिकटपट्टी लावा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

मागचं झाकण दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या खटक्यांवर टिकतं, आणि गळ्यातला पट्टा त्याच खटक्यांना अडकवलेला असतो. ही या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी खोट. गड चढताना कॅमेरा हिंदकळला की त्याच्याच वजनाने खटके वर सरकतात आणि झाकण निसटून पडतं, सोबत सगळा रोल जातो. रोल भरून झाला की दोन्ही खटक्यांवर आणि झाकणाच्या चारी सांध्यांवर काळी गॅफर टेप (कापडी, डिंक न सोडणारी) लावा. वायरमनची काळी इन्सुलेशन टेप लावू नका. आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक पाझरतो, हाताला लागतो आणि तिथून लेन्सवर जातो. टेपचे हातभर लांब तीन-चार तुकडे जुन्या प्लास्टिक कार्डावर गुंडाळून पाकिटात ठेवले की पूर्ण रीळ न्यावं लागत नाही.

लाल खिडकीवरही टेपचा एक तुकडा लावा, एक टोक दुमडून ठेवा म्हणजे उघडता येईल. खिडकी लाल असली तरी ४०० च्या फिल्मवर भर उन्हात तिच्यातून प्रकाश उतरतो, आणि कधीकधी कागदावरचे आकडेच फोटोत उमटतात. आकडा बघायचा तेव्हा कॅमेरा सावलीत धरून टेप उचला, पुढचा आकडा खिडकीच्या मधोमध येईपर्यंत गुंडी फिरवा, टेप पुन्हा लावा. खाली एन-बी कळ असते, तिलाही एन वर टेप लावून बांधून टाका. पिशवीत घासून ती बी वर गेली की बोट दाबलेलं असेल तोवर शटर उघडं राहतं आणि पुढचे सगळे फोटो हललेले आणि जळालेले येतात.

गुंडी फिरवणं आणि शटर यांचा एकमेकांशी संबंध नाही, त्यामुळे एकाच जागी हवे तितके फोटो काढता येतात, न ठरवताही. यावर एक सवय पक्की करावी: फोटो काढला की लगेच गुंडी फिरवायची, मगच कॅमेरा खाली. लेन्सचं झाकण तर प्रवासाला निघताना घरीच ठेवा. बघायची खिडकी लेन्समधून बघत नाही, त्यामुळे झाकण राहिलं तरी सगळं छान दिसत राहतं आणि रोल कोरा जातो. प्लास्टिकच्या लेन्सवर एखादा चरा पडला तरी फोटोत फारसा फरक पडत नाही.

अंतर लावायला लेन्सवर चार चित्रं आहेत: एक माणूस म्हणजे १ मीटर, तिघं म्हणजे २, मोठा घोळका ६, आणि डोंगर १० मीटरपासून पुढे. सर्वांत जास्त चुका पहिल्या दोनात होतात. एक मीटर म्हणजे सव्वादोन हात, आपल्याला वाटतं त्याहून बरंच जवळ. एवढ्या जवळून काढताना आणखी एक गोष्ट सांभाळा. बघायची खिडकी लेन्सच्या वर असल्याने लेन्स थोडं खालचं टिपते आणि वरचं कापलं जातं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी बाईचा फोटो असेल तर नेमकं वृंदावनच अर्धं तुटतं. चौकट ठरवल्यावर कॅमेरा दोन बोटं वर उचला आणि मग दाबा. लांबच्या देखाव्यात उलट होतं: खिडकीत दिसतं त्यापेक्षा फोटोत कडेला जास्त येतं, म्हणून खुशाल एक पाऊल पुढे सरका. विषय मधोमध ठेवा. या लेन्सला कडेला ठेवलेला चेहरा झेपत नाही. शटरची कळ लेन्सच्या बाजूला आहे आणि खाली दाबावी लागते, त्या झटक्याने कॅमेरा हलतो. डाव्या तळव्यावर कॅमेरा तोलून, कळ हळू दाबून हळूच सोडा.

होल्गाला खरा धोका वाळूचा आहे. वाळूचा एक कण आत गेला तर फिल्म त्याच्यावरून घासत जाते आणि पहिल्यापासून बाराव्या फोटोपर्यंत सलग रेघ उठते. किनाऱ्यावर रोल बदलू नका, आणि प्रत्येक रोलआधी आतले खण तोंडाने न फुंकता रबरी फुग्याने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेला रोल लगेच उघडला तर त्यावर बाष्प धरतं. पाकीट बंद ठेवूनच दोनेक तास बाहेर असू द्या.

इन्स्टॅक्स मिनी १२ हा २०२३ चा कॅमेरा. दोन पेन्सिल सेल, दहा फोटोंचं पाकीट, फोटोचा आतला भाग ६२ × ४६ मिमी, फिल्म ८०० ची. लेन्स फिरवून बाहेर काढली की चालू होतो, आणखी एक वळसा दिला की ३० ते ५० सेंटीमीटरवरच्या फोटोसाठी तयार होतो. प्रकाश तो स्वतः मोजतो आणि शटर १/२ ते १/२५० सेकंदात ठरवतो. मिनी ८ आणि ९ मध्ये शटर १/६० ला बांधलेलं होतं, त्यामुळे संध्याकाळी चेहरा उजळ आणि मागे काळोख असे फोटो यायचे. मिनी १२ मध्ये मागचं दिसतं, पण शटर हळू होतं म्हणून कॅमेरा दोन्ही हातांनी स्थिर धरावा लागतो. फ्लॅशमुळे चेहरा स्वच्छ येतो आणि मागचे दिवे मात्र ओढले जातात, हे त्यामुळेच.

त्याचा मोठा दोष म्हणजे फ्लॅश बंद करता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, तिथे हा कॅमेरा पिशवीतून काढूच नये. रेल्वेच्या बंद काचेतून काढलात तर काचेवर पांढरा भडका येतो. रिमझिम पावसात फ्लॅश जवळच्या थेंबांवर आपटतो आणि फोटोभर पांढरे गोल उमटतात. आडोशाला उभं राहून, माणसालाही आडोशाला घेऊन काढलं तर ते टळतं. प्रवासात लेणी, देवळं, संग्रहालयं जास्त असतील तर मिनी ९० किंवा २०२४ चा मिनी ९९ घ्या, दोन्हींत फ्लॅश बंद होतो. पैसे जास्त जातात, पण सार्थकी लागतात.

फ्लॅश साधारण दोन मीटरपर्यंतच पोचतो. माणसाला दीड मीटरवर उभं करा. याहून जवळ गेलात आणि अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी असेल तर कपडे कोरे होतात, चुण्यासुद्धा दिसत नाहीत. वारीत हे सारखं होतं. माणसाला गेरूच्या, हिरव्या किंवा काळ्या दगडाच्या भिंतीपुढे उन्हाआड उभं करा आणि अर्धं पाऊल मागे या. भर दुपारी पांढऱ्या वाळूवर किंवा बर्फावर मिनीचे फोटो हमखास फिकट येतात. तिथे सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर काढा. कॅमेरा आडवा धरला की बोटं फ्लॅशवर किंवा त्याच्या शेजारच्या प्रकाश मोजणाऱ्या छिद्रावर जातात. छिद्र झाकलं गेलं की कॅमेऱ्याला अंधार वाटतो आणि फोटो जळतो.

पाकीट भरताना मागच्या दोन चौकोनी भोकांवर बोट दाबू नका, कडांना धरा आणि पिवळी खूण कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेशी जुळवा. झाकण लावून शटर दाबलं की काळं पान बाहेर येतं, ते काढलं की दहा फोटो तयार. त्यानंतर पाकीट संपेपर्यंत झाकण उघडायचं नाही. फोटो बाहेर पडतो त्या फटीवर बोट आडवं आलं तर आतलं रसायन सारखं पसरत नाही आणि एका कडेला तपकिरी डाग राहतो. प्रत्येक फोटोवर एकाच जागी ठिपका येत असेल तर रोलरला घाण लागली आहे. पाकीट संपल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने रोलर पुसून पूर्ण सुकू द्या.

फोटो झटकायचा नाही, दुमडायचा नाही, सपाट ठेवायचा. दीड मिनिटात चित्र दिसू लागतं. कॅमेरा ५ ते ४० अंशांसाठी बनवलेला आहे. लडाखला हिवाळ्यात काढलेला फोटो लगेच आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, नाहीतर चित्र फिकटच राहतं. विदर्भात मे महिन्यात उभ्या गाडीच्या डिकीत फिल्म ठेवली तर रंग बिघडतात. पाण्याच्या बाटलीभोवती ओला पंचा असतो त्याच्या जवळ, पण बंद डब्यात ठेवा. माणसांना देण्यासाठी काढायचे तर प्रत्येकाचे दोन काढा आणि त्यांना हवा तो निवडू द्या. लोक आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळाच निवडतात, आणि तो हक्क त्यांचाच आहे.

देखावाही लगेच हातात हवा असेल तर इन्स्टॅक्स वाइड. आतलं चित्र ९९ × ६२ मिमी, कड्यासमोर उभा माणूस त्यात ओळखू येतो. कॅमेरा मात्र सहाशे ग्रॅमच्या पुढे आणि पिशवीत अडचणीचा. पोलरॉइडच्या फिल्मला १३ ते २८ अंश तापमान मानवतं, रंगीत फोटो पुरता यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पाकिटात आठच. महाबळेश्वरला डिसेंबरात ठीक, कोकणात मे महिन्यात नको. चोर बाजारात घड्यांचे जुने पोलरॉइड दिसतात, ते शोभेला घ्या. त्यांतल्या बहुतेकांना लागणारी सोलून काढायची फिल्म फुजीने २०१६ मध्ये बंद केली. ६०० जातीचा डबा कॅमेरा असेल तर त्याची फिल्म आजही बनते.

१२० च्या खर्चाला घाबरत असाल तर कोडॅक एक्टार एच ३५ बघा. ३५ मिमीच्या छत्तीस फोटोंच्या रोलवर बहात्तर अर्ध्या आकाराचे फोटो निघतात. गुंडाळताना उलट फिरवायची गुंडी फिरतेय ना, एवढं पाहा. ती थांबून राहिली तर फिल्मचं टोक रिळात अडकलेलंच नाही. घरात जुना आग्फा क्लिक ३ असेल तर तोही न्या. वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा कॅमेरा १२० च्याच रोलवर बारा चौकोनी फोटो काढतो. लेन्स होल्गाइतकीच साधी, पण शटर हळू आहे, म्हणून शंभरची फिल्म भरा आणि कॅमेरा कठड्यावर टेकवून काढा.

विमानात फिल्म चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका, तिथलं स्कॅनिंग जोरदार असतं. हातातल्या सामानाचं साधं एक्स-रे ४०० च्या फिल्मला एकदोनदा चालतं, पण नवे सीटी स्कॅनर एका फेरीतच फिल्म धुरकटवतात. इन्स्टॅक्स ८०० ची असल्याने तिला धोका जास्त. सगळी फिल्म पारदर्शक पिशवीत, खोक्याबाहेर काढून ठेवा आणि सुरक्षा जवानाला हाताने तपासण्याची विनंती करा. मान्य करणं न करणं त्यांच्या हातात असतं, म्हणून वेळ राखून जा. मेट्रोच्या स्टेशनांवरही सामानाचं एक्स-रे असतं. तिथे भरलेला कॅमेरा रोज दोनदा आत जातो आणि ते साचत जातं. रोल खिशात ठेवा, धातू शोधणाऱ्या चौकटीने फिल्मला काही होत नाही.

वापरलेले रोल दोन-तीन आठवड्यांच्या आत धुवायला टाका, पावसाळ्यात तर त्याहून लवकर. १२० धुणाऱ्या लॅब मोजक्या शहरांत आहेत, कुरिअरने पाठवताना रोल फॉइलमध्ये, फॉइल डबीत, आणि वर ‘फिल्म, एक्स-रे नको’ अशी चिठ्ठी. सोबत लॅबसाठी तीन सूचना मोठ्या अक्षरात लिहा: पुश किती; स्कॅन चौकोनी आणि कडांसकट, कोपरे न उजळता; आणि निगेटिव्ह कापू नये. होल्गाच्या फोटोंमधलं अंतर सारखं नसतं. लॅबवाला सवयीने मोजून कात्री चालवतो आणि एकमेकांवर चढलेल्या फोटोंमधला चांगला फोटो मधोमध कापला जातो.